सोमेश्वरची शोधायची मशीन

माझ्या नवऱ्याचं नाव सोमेश्वर. घरात मी त्यांना नावानं हाक मारत न्हाई, पण इथं एकदा घेऊन टाकते. नुसतं 'हे' 'हे' करत बसले तर तुमाला काय डोंबल कळणार! जवळा बाजारला स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत यांचं ऑनलाइनचं दुकान. सातबारा, पीकविमा, पोरापोरींचे फॉर्म, काय पाहिजे ते. बाजाराच्या दिवशी दारात चपलांचा ढीग पडतो. आत गिऱ्हाईक ताटकळलेलं, अन् हा माणूस मधूनच दुसऱ्या स्क्रीनवर काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं वाचत बसलेला. चहा घेऊन गेले की मी विचारायचे, "काय बघून राहिलात?" तर म्हणायचे, "मशीन जिवंत हाय का बघतो."

ती मशीन घरात न्हाई, गावात न्हाई. दूर कुठल्यातरी शहरात, गार खोलीत ठेवलेली. मी तिला कधी डोळ्यानं पाहिलं न्हाई. सवत असती तर झिंज्या धरून भांडता तरी आलं असतं. हिच्याशी काय भांडणार?

लग्न झालं तेव्हा हे पुण्याला होते, मोठ्या कंपनीत अशाच मशिनी सांभाळायच्या नोकरीला. मग सासरे वारले. आत्याबाई, म्हणजे माझी सासू चतुराबाई, घरात एकटी पडली. धाकटी नणंद कोमल औंढ्याच्या कॉलेजात शिकत होती. आमी पुणं सोडून गावी आलो. लोक म्हणाले, सोम्याचं डोकं फिरलं. मला पण तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

कोमलनं मात्र आल्या आल्या यांना कामाला लावलं. ती पोरगी म्हणजे नुसती भिंगरी. स्कूटी काढायची अन् कुठं कुठं जायची. एकदा बाजारात बैलांच्या दलालाला धरून बसली. रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा करतात ते त्याच्याकडून मोबाईलमधे रेकॉर्ड करून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, "दादा, हा माणूस मेला की हे पण मेलं. आपण साईट काढू." झालं! 'बोलती माणसं' नावाची साईट निघाली. कोमल गावोगाव हिंडायची. कुणी हळद कशी शिजवायची सांगितलं, कुणी दुष्काळात काय खाल्लं ते, कुणी सवतीला दिलेल्या शिव्या. एका बाईनं तर नवऱ्याची अशी काय उडवली की आमी घरात बसून पोट धरून हसलो होतो.

तिची एक पद्धत होती. मोबाईल चालू केला की आधी स्वतः बोलायची. "मी कोमल, जवळा बाजारची. आज माझ्यासमोर बसल्यात अमुक अमुक," असं सांगून मग पहिला प्रश्न. घरी आली की सगळं बोलणं अक्षर न् अक्षर टाईप करायची. आपण कुठं हसलो ते पण कंसात लिहायची.

लोकांना साईट आवडली अन् तिथंच तकलीफ सुरू झाली. नाशकाला, सुरतेला गेलेली आपली माणसं आपल्या आजीचं नाव टाकून शोधायला लागली. नाव टाकलं की साईट सगळी बोलणी पहिल्यापासून चाळत बसायची अन् दम लागून बंद पडायची. ज्या कंपनीच्या जागेत साईट होती ती म्हणाली, तुमच्या शोधण्यानं बाकीच्यांना त्रास होतो. तेव्हा यांनी शोधण्यापुरती एक अख्खी मशीन वेगळी घेतली. डेडिकेटेड सर्व्हर म्हणतात तिला. तिच्यावर दुसरं काहीच चालत न्हाई.

मी म्हणाले, "शोधायला अख्खी मशीन? येवढं काय हरवलंय तुमचं?"

हे म्हणाले, "असं बघ. घरात डबे शंभर असतात. कोणत्या डब्यात काय हाय ते मायला तोंडपाठ असतं. ती सगळे डबे उघडून बघत बसत न्हाई. ही मशीन म्हणजे ती माय. डबे दुसरीकडं हायत."

मला ते बराबर कळलं. शोधायच्या मशीनवर फक्त अक्षरं होती. माणसाचं नाव, गाव अन् कोमलनं टाईप केलेलं बोलणं. आवाज न्हाई. आवाज जड असतात म्हणे, भाड्याच्या जागेत मावेनात. ते आमच्याच पुढच्या खोलीतल्या कपाटात, एका काळ्या कॉम्प्युटरच्या डब्यात होते. साईटवर कुणी बोट ठेवलं की तिथूनच वाजायचे. त्याची एक कॉपी बाजूला छोट्या डिस्कमधे. वर दूर कुठं चढवून ठेवायचं म्हणत होते, पण गावची नेटची लाईन मुंगीच्या चालीनं चालते, एकेक बोलणं ऐकवण्यापुरती पुरायची. ते राहून गेलं.

बहीणभाऊ त्या मशीनला शिकवायला बसायचे तेव्हा बघण्यासारखं होतं. लग्नात बायांची नावं बदलतात न्हाई का? माहेरचं माणूस 'गंगू' म्हणून शोधणार अन् सासरच्या गावात ती अनुसयाबाई म्हणून बोललेली. मग कोमल प्रत्येक बाईला माहेरचं नाव विचारून यायची अन् हे मशीनला सांगायचे, ही ती एकच बाई हाय. एका म्हातारीला तिच्या माहेरच्या मैत्रिणीनं असं शोधून काढलं अन् फोन केला. दोघी फोनवर नुसत्या रडल्या. कोमल त्या दिवशी घरभर नाचली. हे पण हसत होते. माझ्या नवऱ्याला येवढं मोकळं हसताना मी तेव्हा पाहिलं, नंतर न्हाई.

कोमल गेली ती उसाच्या ट्रॉलीवर आदळून. संध्याकाळची वेळ, ट्रॉलीला मागं दिवा न्हाई, रस्त्याच्या कडेला उभी. मोबाईलचा चुरा झाला. पोरीचं काय झालं ते मी सांगणार न्हाई. चोवीस वर्षाचं लेकरू. आमच्या आत्याबाईनं हंबरडा फोडला न्हाई, काही न्हाई. मातीवरून आल्यावर पुढच्या खोलीत स्टुलावर बसली अन् यांना म्हणाली, "सोमा, लाव."

"काय लावू माय?"

"कोमल लाव."

तेव्हापासून रोज. दुपारची भाकर झाली की आत्याबाई पुढच्या खोलीत यायची. हे मशीनमधे 'कोमल' टाकायचे. सगळी बोलणी एकाखाली एक यायची, कारण प्रत्येकात ती होतीच. आत्याबाई बोट ठेवायची ते लावायचे. "मी कोमल, जवळा बाजारची." तेवढं ऐकलं की म्हणायची, "आता दुसरं." पुढचं कुणाचं काय, तिला घेणंदेणं न्हाई. गिऱ्हाईक असलं तरी गप उभं राहायचं. तेवढ्या आवाजावर ती बाई जगत होती, हे मी लिहून देते.

वर्षभर आमी सण केला न्हाई. वर्षश्राद्ध झालं अन् पुढं दसरा आला. आत्याबाई म्हणाली, "आता खंडेनवमीला हत्यारं पुजायची. घर किती दिवस अंधारात ठेवता?" मला बरं वाटलं. खंडेनवमीला आमच्याकडं विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून मांडतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं न्हाई. यांनी सकाळीच दुकानातलं सगळं बंद केलं, काळा डबा पण. वायरी काढून ठेवल्या. मायला म्हणाले, "माय, याला पण हळदकुंकू लाव," अन् सामान आणायला हिंगोलीला गेले. मी तेव्हा माहेरी, कळमनुरीला होते.

दुपारच्या बसनं मी आले तर ओसरीत कशी सुंदर मांडणी! विळ्यांची पाती चकाकून राहिलेली, पंपाला झेंडूची माळ. कपाटात डब्याला अन् छोट्या डिस्कला पण हळदकुंकवाची बोटं. संध्याकाळी हे आले, पूजा झाली. पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्यार उचलत न्हाईत, पण आत्याबाईला कुठं दम निघतो! सकाळपासून तिनं लेकीला ऐकलं नव्हतं. "सोमा, तेवढं कोमलचं लाव बाबा. देव काही बोलायचा न्हाई त्याला." हे हसले अन् वायरी जोडायला लागले. आत्याबाई हात धुवायला माझ्याकडं आत आली.

चेहरा येवढा फुललेला होता तिचा. म्हणाली, "पुनम, आज म्या कोमलचा डबा पण धुतला बघ. अगं किती धूळ! विळ्यासंगं हापशाखाली धरला, भोकाभोकातून पाणी जाऊ दिलं. तो छोटा पण धुतला. मग उलटे करून झटकले अन् माळवदावर उन्हात वाळवले. लेकराचं तेवढंच हाय की गं आपल्याजवळ, ते काहून मळकं ठेवायचं?"

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. मी पळाले. "अहो, थांबा, थांबा!" पण दारापर्यंत गेले तोवर चट् असा आवाज आला अन् जळकट वास सुटला. यांना वाटलं डबा बिघडला, तर आवाज तरी बघावेत म्हणून घाईघाईनं छोटी डिस्क दुकानातल्या कॉम्प्युटरला लावली अन् बटन दाबलं. ती आतून टकटक टकटक करायला लागली, अन् मग गप झाली.

मी यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आत्याबाईनं धुतलंय दोन्ही. पाण्यानं."

 ओली डिस्क चालू न करता तशीच नेली असती तर कदाचित काही निघालं असतं, असं पुढं पुण्याच्या माणसानं सांगितलं. चालू केली तिथंच ती मेली. बटन यांनी दाबलं होतं. हे त्यांना त्याच घटकेला कळलं असणार, कारण त्यांचा हात बटनावरून निघंना.

मागून आत्याबाई आली. पदराला हात पुसत, स्टूल ओढत. "लागलं का रे?"

अन् माझा नवरा, जो गिऱ्हाईकाला पण कधी खोटं सांगत न्हाई, तो म्हणाला, "लाईन गेली, माय. उद्या बघू."

पुण्याला नेलं, मग हैदराबादला नेलं. आतल्या चकत्या खरवडून निघाल्यात म्हणाले. काही उरलं न्हाई. आमी एका घरात राहणारी माणसं, एकमेकांना मोबाईलवर आवाज कशाला पाठवणार? तिचे फोटो ढीगभर होते. आवाज एक पण न्हाई. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत बघितलं, तर तिथं बँडबाजाच वाजून राहिला होता.

शोधायची मशीन मात्र दूर तिच्या गार खोलीत धडधाकट. तिला काय झालंय? डबे फुटले तरी कोणत्या डब्यात काय होतं ते तिला तोंडपाठच. 'कोमल' टाकलं की सगळी बोलणी एकाखाली एक दिसायची. बोट ठेवलं की काहीच न्हाई. लोकांचे फोन यायला लागले, "भाऊ, आमच्या बापाचं नाव येऊन राहिलं, पण आवाज काहून येत न्हाई?" त्यांना हे खरं सांगायचे.  मी म्हणाले, "बंद करून टाका ना ती मशीन एकदाची! नाव दाखवायचं अन् माणूस न्हाई द्यायचं, हा काय छळ लावलाय?"

म्हणाले, "बंद केली तर कोण कोण बोललं होतं, ते पण जाईल."

अन् आत्याबाई रोज स्टुलावर. "ते दिसून राहिलं की रे कोमलचं. मग आवाज काहून न्हाई?"

"नाव वेगळ्या मशीनवर हाय, माय. आवाजाची मशीन वेगळी. तिची लाईन दुरुस्त होऊन राहिली." मग तिचं तोंड उतरलेलं बघून म्हणायचे, "मी वाचून दाखवू?" अन् वाचायचे. "मी कोमल, जवळा बाजारची. आज माझ्यासमोर बसल्यात अनुसयाबाई..." कंसात कोमलनं 'हसते' असं लिहिलं असलं की हे थांबायचे. अन् हसायचे. मला ते आतल्या खोलीत ऐकवायचं न्हाई. बहिणीच्या वाटचं हसू भाऊ हसून राहिला, हे कोणत्या बाईनं ऐकावं? मी शिलाई मशीन जोरात चालवायचे.

एकदा मी भांडले. सरळ म्हणाले, "सांगून टाका त्यांना. माय हाय तुमची, खुळी न्हाई. किती दिवस लाईनीवर ढकलणार?"

"काय सांगू?" हे पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "एकदा लेक गेली ती देवानं नेली म्हणून सोसलं तिनं. दुसऱ्यांदा तिच्याच हातानं गेली, हे कसं सांगू? तू सांगशील? जा, सांग. जा!"

मी गेले न्हाई. माझी पण हिंमत झाली न्हाई, अन् त्या दिवसापासून मी पण लाईनीचंच नाव घ्यायला लागले.

मग यांनी दुसरंच धरलं. शोधायच्या मशीनमधून एकेका गावाचं नाव टाकायचं, कोण बोललं होतं ते बघायचं अन् मोटरसायकल काढून त्याच्या घरी जायचं. साईटवरून आवाज उतरवून घ्यायची सोय नव्हती. कोमलनंच ठेवू दिली न्हाई, म्हाताऱ्यांची बोलणी ग्रुपमधे भटकू नयेत म्हणून. पण कुणी ना कुणी दुसऱ्या मोबाईलनं टिपून घेतलं असंल, अशी यांना आशा. दुकानाला कुलूप, जेवणाचं भान न्हाई. दारोदार जाऊन विचारायचे, "तुमच्या आजीचं बोलणं हाय का कुठं?" लोक उलट यांनाच विचारायचे, "आमाला वाटलं तुमच्याजवळ हाय."

मी चिडले, रडले, मग डबा बांधून मोटरसायकलवर मागं बसायला लागले. उपाशी मरंल तर मला कोण हाय? अशी अर्धी हिंगोली मी त्या गाडीवर बसून पाहिली. एका घरी तर म्हातारा सोनाजी स्वतःच जिवंत होता. म्हणाला, "पुन्हा बोलतो की, त्यात काय!" हे म्हणाले, "तुमी पुन्हा बोलाल काका. पण तुमाला प्रश्न विचारणारी न्हाई ना." म्हाताऱ्यानं यांचा हात धरून ठेवला. 

पुढचा दसरा जवळ आला होता तेव्हा आमी औंढ्याकडच्या एका तांड्यावर गेलो. तिथं रूपसिंग म्हणून ट्रॅक्टर चालवणारा माणूस. त्याची माय बेबीबाई कोमलजवळ बोलली होती अन् पुढच्याच उन्हाळ्यात वारली होती. यांनी विचारलं तसा रूपसिंग म्हणाला, "हाय की, भाऊ! मोबाईलची रिंगच केलीय. लावा फोन."

यांनी तिथंच समोर उभं राहून त्याला फोन लावला. रूपसिंगच्या खिशातून बेबीबाई बोलायला लागली. "रूपसिंग पोटात होता तवा मी उसाच्या फडात. कळ आली, कोयता खाली ठेवला..."

"आधीचं?" हे म्हणाले. "याच्या आधी कोमल बोललीय. ते कुठं हाय?"

रूपसिंगचं तोंड पडलं. "ते कापलं, भाऊ. माय लवकर बोलावी म्हणून पुढचं काढून टाकलं. लई चुकलं का?"

चुकलं कसं म्हणणार? त्याला त्याची माय पाहिजे होती. यांनी नुसताच पुन्हा फोन लावला. का लावला ते त्यांना पण माहीत नसंल. बेबीबाई पुन्हा बोलली, "कळ आली, कोयता खाली ठेवला..." अन् तिथं ती दम घ्यायला थांबली होती. त्या थांबण्यात बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं, "हं." मग बेबीबाई पुढं, "...अन् मुकादमाला म्हणाले, आता मला बसू दे."

यांनी माझा दंड येवढ्या जोरात धरला की वळ उठला. पुन्हा फोन लावला. "हं." पुन्हा लावला. "हं." कोमलच ती. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देतात न्हाई का, ऐकते म्हणून, तसा दिलेला. तिनं सगळं टाईप केलं होतं, पण हुंकार कोण टाईप करतं? म्हणून मशीनला पण तो माहीत नव्हता.

रूपसिंगकडून ती रिंग आपल्या मोबाईलवर घेतली. येताना कालव्याजवळ यांनी गाडी उभी केली, खाली उतरले अन् ढसाढसा रडले. मी अडवलं न्हाई. जाळून आले तेव्हा पण ते रडले नव्हते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले अन् मी पण रडले. येवढ्या मोठ्या पोरीचं येवढंसंच राहिलं होतं.

घरी आलो तर आत्याबाई ओसरीत डाळ निवडत होती. हे तिच्यासमोर मांडी घालून बसले अन् काही न सांगता मोबाईल लावला. बेबीबाई बोलायला लागली तशी आत्याबाई नेहमीसारखी म्हणाली, "ही कोण? मला कोम..." अन् "हं" आला.

तिचा हात सुपात तसाच राहिला. "परत लाव."

परत लावलं. परत. यांनी बाकीचं कापून तेवढाच तुकडा वेगळा केला. बोट ठेवलं की "हं". आत्याबाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं अन् ती हसून राहिली होती. "माह्या लेकराचा हाय. ओ देते बघ कशी! आता लाईन आली असंल तर तिचं बोलणं लाव. 'मी कोमल' ते लाव."

हे खाली बघत राहिले.

"लाव की रे."



"लाईन गेली म्हणू नको, सोमा. आत्ता तर लागलं." मग तिचा आवाज बदलला. "खरं सांग. बाकीचं कुठं हाय?"

मी दाराची चौकट धरून उभी होते. यांनी माझ्याकडं एकदा बघितलं अन् म्हणाले, "गेलं, माय. डबा जळला. मी बटन दाबलं अन् जळला. चूक माही हाय."

"कवा?"

इथं त्यांनी दुसरा कोणतातरी दिवस सांगायला पाहिजे होता. पण येवढे दिवस खोटं वाहून तो माणूस पार थकला होता. "गेल्या खंडेनवमीला," म्हणाले.

आत्याबाईनं सूप बाजूला सरकवलं. ओसरीतून हापसा दिसतो. तिनं हापशाकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. "पाण्यानं?" तिनं विचारलं.

"न्हाई माय, बटन मी..."

"पाण्यानं गेलं. म्या धुतलं म्हणून."

हे तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडायला लागले. "न्हाई माय, न्हाई," येवढंच म्हणत होते. तिनं यांच्या केसांतून हात फिरवला अन् म्हणाली, "तू काहून रडतो? तू तर येवढे दिवस मला वाचून दाखवत होता." मला वाटलं, आता ही हात डोक्यावर मारून घेईल, विहिरीकडं धावंल. मी पुढं झाले. तिनं मला हातानंच थांबवलं अन् यांना म्हणाली, "तो तुकडा लावायला तयार ठेव."

मोबाईल यांच्याच हातात होता. तिनं तो हात मनगटाला धरून आपल्या तोंडाजवळ ओढला.

"कोमल," ती म्हणाली, "मी माय बोलते. तुह्या डब्यावर लई धूळ बसली होती, बाई. म्हणून म्या तो धुतला. माह्याच हातानं धुतला गं मी तुला."

अन् ती थांबली. यांच्याकडं बघत राहिली.

 यांनी बोट ठेवलं.

"हं," कोमल म्हणाली.